सर्कलची आतली लेन

या हणमंताला धड एक फाटा धरता येऊ नये, याचा सोनाक्काला भयंकर संताप आला होता. सर्कलभोवती गाडीच्या चकरांवर चकरा होऊन तिच्या मांडीवरचा ओटीचा नारळ पुन्हा घरंगळून पायाशी गेला.

"अरे, घाण्याला जुंपलंयस का मला?"

"पट्टी बिघडली असंल, आई." हणमंतानं कपाळावरची पट्टी चाचपली.

गाडीला स्टिअरिंग नव्हतंच. पट्टीवाल्याच्या मनात येईल तिकडं ती वळायची, आणि मन ठरत नसेल तर सर्कलच्या आतल्या लेनमध्ये नुसती फिरत राहायची. सांगलीचा फाटा दिसला तशी ती बाहेर झेपावली आणि कच खाऊन परत आत घुसली. शाळेच्या गाडीनं करकचून ब्रेक मारला. आतली पोरं किंचाळली.

सोनाक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पट्टीला काही धाड भरली नव्हती. यानं बायकोवर हात उचलला, ती सांगलीला माहेरी गेली, आज येऊन माफी मागितली तरच परतेन म्हणाली. जन्मात कुणापुढं न वाकलेली सोनाक्का ओटी घेऊन निघाली, आणि याचं मन अजून मागंच!

तिनं पट्टी ओरबाडून आपल्या कपाळाला बांधली. गाडी मुकाट्यानं बाहेरच्या लेनला लागली, सांगलीच्या फाट्यावर कडेला थांबली. दार उघडलं.

"उतर खाली. मारताना हात बरा झटक्यात ठरला तुझा! सुनेला मी आणते. आजपासून घर तिचं. तुझं मन ठरलं की चालत ये, आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून माफी माग."