अबोल्याची आगगाडी

खेळण्यातली जुनी इंजिनं दुरुस्त करतो मी, पण गिरगावातल्या शरच्चंद्रकाकांसारखं गिऱ्हाईक दुसरं नाही. घर दोन खोल्यांचं आणि नवरा-बायकोचा अबोला सहा वर्षांचा. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात छोटी आगगाडी जाते आणि तिच्या डब्यातून चिठ्ठ्या जातात. 'चहा.' 'गोळी संपली.' 'गॅसवाला आला.'

परवा ती बंद पडली म्हणून गेलो. इंजिन उघडलं तर मोटरचा एक कार्बन ब्रश गायब. काकांनी तो हळूच माझ्या हातात ठेवला.

"मीच काढला रे. म्हटलं, गाडी थांबली तर ही तोंडाने काहीतरी विचारेल. चार दिवस झाले, हूं नाही की चूं नाही. बसव परत."

ब्रश बसवला. इंजिन निघालं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अडकलं. चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. रुळावर बोट फिरवून वास घेतला, तर खोबरेल तेल! वर पाहिलं, तशा सरोजिनीकाकू पटकन मान वळवून फोडणीकडे बघायला लागल्या.

मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "ही गाडी आता काही चालायची नाही."

 

"बरं झालं!" दोन्ही खोल्यांतून एकदमच आवाज आला.