समाधानची कॉमेंट्री

"पाय टेकव बघू," दौलत म्हणाला.

समाधानने टेकवला. खोलीच्या दारापर्यंत चालूनही दाखवलं. घोट्याची सूज उतरली होती, पट्टी सुटली होती.

"अजून लंगडतोयस," दौलतने निकाल दिला. "याही रविवारी बस. कॉमेंट्री कर."

"चालेल, दौलतभाऊ."

इतक्या पटकन मान डोलावणारा फास्ट बोलर दौलतने पाहिला नव्हता. पण आपला मतलब साधत असताना समोरच्याच्या चांगुलपणाची चौकशी कोण करतो?

दौलत आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत वेल्डर होता. कामगारांच्या क्रिकेट टीमचा कॅप्टन आणि विकेटकीपरही तोच. सगळी पोरं गुहागरकडची. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, गोदामांमागच्या रेताड मैदानावर टेनिस बॉलची लीग चाले. लीग अर्ध्यावर आली आणि त्याच रेतीत समाधानचा घोटा मुरगळला. त्याच्या जागी रामेश्वरने बोलिंग केली. समोरच्या टीमने त्याला मॅच संपल्यावर मिठी मारली, यावरून काय ते समजा.

बसून बसून समाधान कंटाळेल म्हणून त्याच्या हाती मोबाइल आला. मॅच लाइव्ह दाखवायची आणि माइकवर बोलायचं. गावाकडे लोक बघू लागले. त्यात दौलतची बायको सत्यभामाही होती.

"चित्र अडकतं हो आमच्याकडे," ती पहिल्याच वेळी म्हणाली होती. "आवाज तेवढा येतो."

त्याआधीची दौलतची रीत साऱ्या खोलीला पाठ होती. चांगला खेळला की मैदानातूनच घरी फोन. झेल सुटला की खोलीवर येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तो अख्खा आठवडा फोन बंद. पडलेलं तोंड बायकोला दाखवायचं नाही, असा बाणा. दोन वर्षांतून एकदा घरी जाणाऱ्या माणसाला हा बाणा परवडत नाही, पण असतो एकेकाचा. आणि चाळिशी उलटल्यापासून झेल तर सुटतच होते.

समाधान माइकवर बसला आणि ते सुटायचे थांबले. म्हणजे मैदानात सुटत, कॉमेंट्रीत नाही.

पहिल्यांदा चेंडू ग्लोव्हजमधून निसटून रेतीत पडला तेव्हा समाधान थंडपणे म्हणाला, "आणि दौलतभाऊंनी उजवीकडे झेपावून झेल घेतलेला आहे." बघणाऱ्यांना वाटलं, पोरगा गंमत करतोय. दौलत मात्र चिडला. खोलीवर येऊन भिंतीकडे वळला, तेवढ्यात सत्यभामाचा व्हॉइस मेसेज आला. "काय झेल घेतलात म्हणे आज. कसा घेतलात, सांगा तरी."

दौलत उठून बसला. फोन लावला आणि सांगितला, कसा घेतला ते. ती हसली. ते हसू त्याने मागच्या सुट्टीनंतर ऐकलं नव्हतं.

मग दर रविवारी फोन होऊ लागला. फणसाला कुयऱ्या धरल्यापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं ती सांगे. "पँट गुडघ्यावर फाटलीय, शिवून घ्या," असंही एकदा म्हणाली. समाधान माइकवर काय काय बडबडतो, देव जाणे, असं दौलतला वाटलं. त्याने पँट शिवली आणि समाधानला आणखी एक रविवार बसवला.

इकडे टीम हरत होती. आता हरली तर लीगमधून बाहेर.

शनिवारी जेवताना रामेश्वर ताटातून मान वर न करता म्हणाला, "भाऊ, समाधान काल कंपनीच्या बसमागे पळत होता. मी मागे पडलो, तो नाही."

दौलतने सगळ्यांकडे पाहिलं. आठवडाभर लोखंड जाळून ही माणसं एका सकाळसाठी जगत होती. आपल्या एका फोनसाठी आपण ती सकाळ खाऊन बसलोय, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

रविवारी त्याने चेंडू समाधानच्या हातात ठेवला.

समाधान खुलण्याऐवजी घुटमळला. "मग बोलणार कोण?"

"रामेश्वर."

"त्याला नको, भाऊ. तो दिसेल तसं बोलतो."

"यल्ला, चल."

मॅच जिंकली. समाधानने समोरच्यांना उभं राहू दिलं नाही. पण शेवटच्या ओव्हरमध्ये एक लोण्यासारखा झेल दौलतच्या हातात आला आणि गळून पडला.

"दौलतभाऊंनी सोपा झेल सोडलेला आहे," रामेश्वरने जगाला कळवलं. "हातात आलेला."

खोलीत बिर्याणी उघडली, गाणी लागली. दौलत भिंतीकडे तोंड करून पडला. आज मेसेज नव्हता. येणार कुठून? खलास, तो मनाशी म्हणाला. आपल्या हातांनी घालवलं.

मग फोन वाजला. सत्यभामा स्वतःहून कधी फोन करत नसे.

"भिंतीकडे वळलात ना?"

दौलत भिंतीपासून वळला. मग म्हणाला, "ऐकलंस तर सगळं."

"ऐकलं. त्या रामेश्वरला माइक देऊ नका पुन्हा."

"खरं तेच बोलला तो. आधीचंही ऐक. समाधान जे सांगायचा ना, ते..."

"अहो, तुमचे झेल सुटतात ते मला दर रविवारी स्वच्छ दिसतं," सत्यभामा म्हणाली. "सुटला तरी पकडला म्हणा, असं समाधान भाऊजींना मीच सांगितलं होतं. नाहीतर तुमचा फोन येतो कुठे?"