निरोगी माणसाची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत साहेबांनी किडनीच्या रुग्णांसाठी एका धातूचा नवा क्षार बनवला. तो घेणाऱ्यांच्या लघवीतून किती प्रोटीन जातं ते मी रोज मोजायचे. जितकं कमी, तितकी किडनी चांगली. तुलनेला शेजारी एका निरोगी माणसाची बाटली लागायची. आता निरोगी माणूस कोण, तर साहेब स्वतः! "मी आजवर दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. माझ्याइतका धडधाकट दुसरा शोधून तरी दाखवा," म्हणत रोज सकाळी ती बाटली माझ्या टेबलावर अशी ठेवायचे, जसा काही करंडकच जिंकून आणलाय.

रुग्णांचे आकडे साहेबांच्याही खाली निघाले आणि साहेबांना स्वर्ग दोन बोटं उरला. मी भीत भीत म्हटलं, "साहेब, आणखी चार-पाच निरोगी माणसं तपासून बघू या का?"

"बाई, तुम्ही बाटल्या धुवायचं बघा. अक्कल मी चालवतो."

चालवली. 'या क्षाराने रुग्ण निरोगी माणसापेक्षाही ठणठणीत होतात' असा शोधनिबंध छापून आला, सत्कार ठरला आणि भाषण करता करता साहेब मंचावरच कोसळले.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून कपाळाला हात लावला. "दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. हे दुखणं पाच-सहा वर्षं तरी जुनं आहे."

 

साहेबांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि म्हणाले, "घाबरू नका बाई, आपला क्षार आहे ना!"