सोमवारची रूथ

ज्वारीची कणसं खुडून झाली, तशा वस्तीवरच्या बाया शमुवेलच्या रानात मागं पडून राहिलेल्या कणसांचा सरवा वेचायला शिरल्या. “व्हा माघारी,” शमुवेल बांधावरून ओरडला. “पडलेलं कणीससुद्धा माजलगावच्या मोंढ्यात इकतो मी.” खळ्यावर बसलेल्या सारजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. हाच लेक पोटात असताना तिनं लोकांच्या रानात असाच सरवा वेचून भाकर खाल्ली होती. “रविवारी चर्चमधी बायबलातली रूथची गोष्ट घसा ताणून वाचलीस, मालकानं तिच्यासाठी मुद्दाम कणसं पाडली ती,” ती कडाडली, “अन् सोमवारी सरवा वेचणारी रूथच हाकलतोस व्हय रे?” “आई, गोष्ट येगळी, शेती येगळी.” सारजाबाई उठली. कणसांनी शिगोशिग भरलेलं टोपलं डोक्यावर घेऊन ती रानाच्या मधोमध गेली आणि तिनं ते पालथं केलं. “अगं, त्यो सरवा न्हाई, माल हाय.” “आता सरवा झाला.” सारजाबाईनं पदर खोचला. “वेचा गं बायांनो. अन् शमुवेल, दुसरं टोपलं आण.”