पटत नाही
ताईला दिसेनासं झालं, तेव्हा तिच्या मुलीने मोबाइलवर धर्मग्रंथ ऐकायची सोय करून दिली. पण धाकटा भाऊ भेटायला आला तर मोबाइल बंद आणि ताई उशीला टेकून पडलेली. जन्मभर देव नाकारून तिच्याशी हुज्जत घालणारा भाऊच काळजीत पडला. “विश्वास उडाला की काय गं देवावरचा?” “देव आहे रे जागेवर. पण मोबाइलमधला आवाज नुसता पुढे पळतो. कुठे थांबत नाही, काही विचारत नाही. तू वाचतोस?” त्याने कपाटातून जाडजूड ग्रंथ काढला. हल्ली तोही मोबाइलवर मथळ्यांपलीकडे काही वाचत नसे. जीभ अडखळू लागली. दुसऱ्याच परिच्छेदाला तो थबकला. “हे मला मुळीच पटत नाही!” उशीला टेकलेली ताई ताठ उठून बसली. “का नाही पटत? सांग बघू!” अंधार पडेपर्यंत दोघं बहीणभाऊ त्याच पानावर भांडत होते.