शकुनाचा धागा

उपग्रहाच्या मोटरची कॉइल रसिकाने तीन महिने खपून हाताने गुंडाळली होती. सुपरकंडक्टरची पट्टी ती. द्रव नायट्रोजनमध्ये गार केली की वीज कणभरही वाया न घालवता वाहून नेणारी, पण एवढीशी मुडपली की मेलीच! डोंबिवलीच्या त्या कारखान्यात इतका हलका हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

शेवटच्या चाचणीआधी मालकांनी पूजा मांडली.

"रसिकाताई, तुम्ही जरा बाहेर थांबा हं. मिस्टर जाऊन वर्षही नाही झालं, आणि काम अंतराळातलं. उगाच अपशकुन नको."

काचेबाहेरून तिला दिसलं, मालक कॉइलला लाल धागा करकचून आवळत होते.

"अहो साहेब, सैल करा, पट्टी मुडपतेय!"

"श्श! मंत्र चाललेत," आतून कुणीतरी दटावलं.

चाचणीत कॉइल नापास झाली. मालकांनी सुस्कारा सोडला. "बाहेर उभं केलं तरी तुमची नजर लागलीच. असो, सोमवारपासून दुसरी गुंडाळायला घ्या."

रसिकाला किळस आली. तिने हातमोजे काढून पूजेच्या ताम्हनात टाकले.



"गुंडाळायलाही एखादी सवाष्णच बघा, साहेब."