पाखरू

परग्रहावरून आलेलं ते ना बाई होतं, ना पुरुष. बंदरावर त्याला सगळे पाखरू म्हणत. आलं तेव्हा माडाएवढं उंच होतं. पण माणसं वाचवताना त्याची ताकद त्याच्याच अंगातून खर्ची पडायची. बुडत्या होड्या उचलून उचलून ते आता पोराएवढं उरलं होतं आणि मंजुळा तारीच्या पडवीत निजून असायचं.

"आता एकदा जरी गेलंस, तरी संपशील. कुणीही हाक मारू दे, जायचं नाही," मंजुळानंच त्याला बजावलं होतं.

त्या दुपारी वादळात तिच्याच लेकाची, उत्तमची होडी उलटली. मंजुळा पाखरासमोर येऊन नुसती उभी राहिली.

"जाऊ?" त्यानंच विचारलं.

"जा बाळा," ती म्हणाली.

संध्याकाळी उत्तम धडधाकट घरी आला.

"आई, मला वाळूवर ठेवलं आणि माझ्या हातातच विरून गेलं गं ते! त्याला ठाऊक नव्हतं का?"

"होतं," मंजुळा म्हणाली. "मलाही होतं."

लेकाला उराशी धरून ती ओक्साबोक्शी रडू लागली. दारात जमलेल्या शेजारणींना वाटलं, पोर सुखरूप परतलं म्हणून रडतेय.